मुन्शीले कोणी मारलं

सोमाजी दुर्गे माणूस वाईट नव्हता, पण बाप्पा, संशयी असा की विचारू नका! गडचिरोली रस्त्यावरल्या लाकूड डेपोवर त्यानं अठरा वर्षं चौकीदारी केली. सागवानाचे लठ्ठे मोजायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बैलबंडीतलं तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आत चोरीचं लाकूड आहे काय म्हणून काठीनं टोचून पाहायचं, हेच काम. घरी आला तरी ती काठी काही खाली ठेवली जात नसे. त्याची बायको रुखमा म्हणायची, "तुमी तं आपल्या सावलीलेही पास मागान."

एकाच जिवावर त्याचा भरवसा होता. त्याचं नाव मुन्शी. तांबड्या रंगाचं, एका कानानं फाटकं कुत्रं होतं ते. डेपोत हिशेब लिहिणाऱ्या खऱ्या मुन्शीला या नावाचा भारी राग यायचा, पण सोमाजी तोंडावर सांगे, "हा मुन्शी कोणाले फसवत नाई." घरात मूल नव्हतं. ताटातला पहिला घास मुन्शीचा असायचा आणि तो खाल्ल्याशिवाय दोघांच्या तोंडात अन्न जात नसे.

पंच्याऐंशीच्या श्रावणात मुन्शीच्या अंगावर गोचीड झाले. सोमाजीनं धानाच्या किडीवर उडवायची पावडर काढली आणि मानेपासून शेपटीपर्यंत चोळून दिली. आमच्या भागात तेव्हा सगळेच असं करायचे. बैलाला लावायचे, पोरींच्या डोक्यातल्या उवांनाही लावायचे! कुत्रं दिवसभर आपलं अंग चाटत बसतं, हे कोणाच्या डोक्यात येणार?

दुसऱ्या दिवशी मुन्शीच्या तोंडाला फेस आला. पाय ताठ झाले, अंगाला झटके बसायला लागले, साधं भांडं वाजलं तरी तो दचकून उसळे. सोमाजीला लगेच शेजारचा अयूब आठवला. अयूब शिलाईचं काम करायचा. महिन्याआधी मुन्शी त्याच्या बकरीला चावला होता आणि कालच अयूबनं मुन्शीला ईदची हाडं टाकली होती.

"चावलेल्या कुत्र्याले कोणी लाडानं हाडं टाकते काय?" सोमाजीनं विहिरीवर विचारलं, मग बिरजूच्या चहाटपरीवर विचारलं, मग अख्ख्या गावाला सांगूनच टाकलं की अयूबनं जहर घातलं.

बिचाऱ्या अयूबला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो धावत आला. "सोमाजीभाऊ, कोणाची बंडी मागून आणतो. दवाखान्यात नेऊ."

"काऊन? रस्त्यात फेकाले?" असं म्हणून सोमाजीनं मुन्शीला पोत्यात गुंडाळलं आणि भर पावसात खांद्यावर टाकून दोन कोस चालत तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होता, पण लक्ष देऊन पाहणारा. पाण्यानं थबथबलेल्या कुत्र्याला चाचपत त्यानं विचारलं, "याच्या अंगाला काही लावलं होतं का? औषध, पावडर वगैरे?"

आता सरळ 'हो' म्हणायचं की नाही! पण सोमाजीच्या मनात पाल चुकचुकली. हा आपल्यावरच काऊन ढकलून राह्यला? अयूबनं याले आधीच गाठलं तं नाई?

"नाई साहेब," तो म्हणाला. "काहीच नाई लावलं."

डॉक्टरनं मान डोलावली, झटक्यांचं इंजेक्शन टोचलं आणि चिठ्ठी लिहून दिली. कुत्र्याचं औषध दवाखान्यात येत नव्हतं, चंद्रपूरहून आणायचं होतं. साठेक रुपये लागतील म्हणाला. साठ रुपये! कुत्र्याले! यात डॉक्टरचं कमिशन किती? सोमाजीनं ती चिठ्ठी कंपाउंडरला दाखवली, एसटीच्या ड्रायव्हरला दाखवली, गावात येऊन मास्तरला दाखवली. त्यात एक अख्खा दिवस गेला.

शेवटी रुखमानं पायातले चांदीचे तोडे काढून त्याच्यापुढे आदळले. "कुत्रं मरून राह्यलं अन् तुमी चिठ्ठी घेऊन गावभर फिरून राह्यले! विका हे, अन् औषध आणा!"

सोमाजी पहाटेच्या एसटीला निघाला. जाताना पाहिलं तर मुन्शीच्या डोळ्यांवर, अंगावर माशा बसल्या होत्या. त्याचा जीव कळवळला. निदान माशांनी तरी छळू नये म्हणून डब्यात उरलेली सगळी पावडर त्यानं पुन्हा मुन्शीच्या अंगाला चोळली.

दुपारी बाटली घेऊन तो परतला तेव्हा मुन्शी अंगणात थंड पडला होता. बाजूला रुखमा बसली होती, अयूब उभा होता आणि गावातले बैल टोचायला आलेला तोच डॉक्टर कुत्र्यापाशी वाकला होता. डॉक्टरनं बोटं वर केली. ती पांढुरकी झाली होती.

"हे काय आहे?"

"गोचिडाची पावडर," रुखमा म्हणाली. "सकाळी यायनंच तं लावली. त्याच्या आधीही लावली होती."

डॉक्टर सोमाजीकडे वळला. "मी विचारलं होतं ना तुम्हाला? साबणानं नुसतं धुतलं असतं तरी बहुतेक वाचला असता हो."

सोमाजी खाली बसला. आई गेली तेव्हा रडला नव्हता इतका तो त्या दिवशी रडला. परसात खड्डा अयूबनंच खणला. माती लोटून झाल्यावर सोमाजीनं त्याचे पाय धरले. "मीच मारलो त्याले, अयूबभाऊ. उगाच तुमचं नाव घेतलो."

अयूबनं पाय मागं घेतले. "मले सांगून काय होते? ज्याईले माझं नाव सांगतलं, त्याईले सांग."

सोमाजी दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेला, मास्तरकडे गेला, बिरजूच्या टपरीवर गेला. सगळीकडे आपल्या तोंडानं सांगितलं की पावडर मी लावली, खोटं मी बोललो, अयूबचा काही दोष नाही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. बिरजूनं तर चहाही पाजला. मग जवळ सरकून हळूच विचारलं, "समजलं भाऊ. पण अयूबनं किती दिले?"

सोमाजीनं शपथा घेतल्या, तर लोक म्हणाले, जास्तच दिले असतील.

दिवाळीपर्यंत अयूबच्या मशीनवर गावातला एक कपडा आला नाही. दिवाळीनंतर तो बायकोच्या माहेरी वरोऱ्याला निघाला. मशीन उचलून बंडीवर चढवायला सोमाजीशिवाय कोणी आलं नाही. बंडी बिरजूच्या टपरीवरून गेली, तेव्हा बाकावर बसलेल्यांपैकी एकानं उठून मशीनखालचं तणीस उचकून पाहिलं.