कुलपाला विचारणारे मास्तर

"थांबा जी. आधी कुलपाले इचारू."

कसलीही चावी हातात दिली की मास्तर पहिल्यांदा हे म्हणायचे, गिऱ्हाईक हिंदीवालं असलं तरी. मग चावी डाव्या तळहातावर आडवी ठेवायची, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचा अंगठा तिच्या दात्यांवरून सावकाश फिरवायचा. गिऱ्हाईक घाईत असो, मागे ई-रिक्षावाले बोंबलत असोत, हा माणूस आपला डोळे मिटून उभा. मला वाटायचं, च्यायला, नुसतं नाटक आहे. चावीला काय नाडी असते काय बघायला?

सरळच सांगतो, मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. पोटात दुखेपर्यंत वाटायचा. तुम्ही म्हणाल, तुमचं एवढं मोठं गॅरेज आणि त्यांचा एक छत्रीखालचा ठेला, हेवा कशाचा? तेच सांगायला बसलोय.

मी कोरेगाव तालुक्यातला. फौजेत एकवीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, शेवटचं पोस्टिंग लखनऊ छावणीत. पेन्शनवर आलो तेव्हा पोरीची शाळा इथली, मैत्रिणी इथल्या. म्हणून तेलीबागेत घर केलं आणि रायबरेली रोडला गॅरेज टाकलं. बोर्डावर नाव काहीही असो, लोक 'फौजी का गैराज' म्हणतात. मास्तर भंडाऱ्याकडचे. सरकारी कारखान्यात टूल रूमला जन्म गेला. रिटायर झाल्यावर इथं नोकरीला असलेल्या मुलाकडे राहायला आले, पण घरात बसवेना, म्हणून रस्त्यापलीकडे, बरोबर माझ्या समोर, चाव्या बनवायचा ठेला लावला. आसपासचे त्यांना मास्टरजी म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात ते रस्ता ओलांडून आले. मी एका गंजलेल्या नटाला आमच्या गावाकडच्या दोन कडक शिव्या घातल्या होत्या.

"मराठी शिवी आयकली जी," ते हसत म्हणाले, "लई दिवसांनी बरं वाटलं." आणि हात जोडून, "जयभीम."

मी "राम राम" म्हणालो आणि पुन्हा नटाकडे वळलो. एवढ्या मोठ्या लखनऊत हाकेच्या अंतरावर दोन मराठी घरं, आणि दोन वर्षांत मी त्या माणसाला कधी घरी चहाला बोलावलं नाही. का नाही बोलावलं, ते मला माहीत आहे. तुम्हालाही कळलं असेल. त्याची लाज मला पुढं वाटली, तेव्हा नाही वाटली.

आता हेव्याचं. आमची अशू, एकुलती एक, बी.कॉम.ला. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच. "अशू, जेवलीस का गं?" म्हटलं की, "हाँ पापा, खा लिया." तेही मान वर न करता. मी चिडायचो, शाळेला दोष द्यायचो, बायकोला बोलायचो, लखनऊच्या नावानं बोटं मोडायचो. बायको म्हणायची, "अहो, बोलेल की कधीतरी." पाच वर्षं झाली, पोरगी माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलली नव्हती.

दुपारी ती माझा डबा घेऊन यायची. मी बहुतेक एखाद्या ट्रकखाली पाठीवर पडलेला असायचो. तिथून रस्त्यापलीकडचे नुसते पाय दिसतात. एक दिवस मला मास्तरांच्या ठेल्याजवळ तिच्या निळ्या चपला दिसल्या. म्हटलं, चावी हरवली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा चपला. मग रोजच. माझ्याकडे डबा ठेवायला एक मिनिट, 'पापा, खाना रख दिया', आणि तिथं अर्धा अर्धा तास! चपला जराही हलायच्या नाहीत. मी ग्रीसनं भरलेल्या हातानं तिथंच पडून मिनिटं मोजत राहायचो. काय बोलत असेल एवढं? मास्तरांकडे असं काय आहे, जे माझ्याकडे नाही?

बायकोला म्हणालो, तर ती सरळ हसली. "जळताय होय म्हाताऱ्यावर?" तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ते खरं होतं.

मग तिवारीजींच्या ट्रकचं प्रकरण झालं.

तिवारीजी मौरंग, म्हणजे जाडी वाळू, वाहायचे. ट्रक जुना, पण इंजिन माझ्या हाताखालचं, म्हणून ठणठणीत. इग्निशनचं कुलूप मात्र पार झिजलेलं. चावी आत घालायची, केसभर मागे ओढायची, डावीकडे दाबायची आणि मग देवाचं नाव घेऊन फिरवायची. चालू गाडीतून चावी बाहेर काढली तरी इंजिन चालूच. मी म्हटलं, तिवारीजी, आज लाटूश रोडच्या स्पेअर बाजारातून कुलपाचा नवा सिलिंडर, म्हणजे चावी फिरते तो आतला गाभा, आणा, तासाभरात बसवून देतो.

खरं सांगू? फौजी ट्रकांना चावी नसते. स्विच फिरवला, बटण दाबलं, चालू. रात्री-अपरात्री गाडी काढायची तर चावी शोधत कोण बसणार? त्यामुळं एकवीस वर्षांत मी इंजिनं उतरवली, गिअरबॉक्स उघडले, पण कुलपाशी माझा कधी संबंधच आला नाही. हे तिवारीजींना कशाला सांगायचं? नवा सिलिंडर आला तसा मोठ्या ऐटीत बसलो केबिनमध्ये.

जुना सिलिंडर काढायचा तर चावी एक नंबरवर, म्हणजे बंदच्या पुढच्या पहिल्या टप्प्यावर, फिरवावी लागते. मग कुलपाच्या घराला बारीक भोक असतं, त्यात तार घालून आतली खिट्टी दाबायची, की सिलिंडर चावीसकट हातात येतो. चावी एक नंबरवर जाईना. मी पक्कड लावली आणि जोर केला. कट्! अर्धी चावी पक्कडीत, अर्धी कुलपात. ट्रकचं तोंड गॅरेजात आणि मागचं अर्धं धूड रायबरेली रोडवर. मागे हॉर्नांचा नुसता कल्लोळ.

"फौजी भाई, अब?" तिवारीजींचा चेहरा उतरला होता.

"अब क्या, ड्रिल से निकालेंगे," मी म्हणालो आणि ड्रिल मशीन उचललं. तेवढ्यात डबा घेऊन अशू आली.

"पापा, रुकिए. मैं मास्टरजी को बुलाती हूँ."

"काही गरज नाही!" मी ओरडलो. पण ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.

मास्तर आले. सावकाश, हातात जुना कंपास बॉक्स. केबिनमध्ये डोकावले, तुटकी चावी अंगठ्यानं चाचपली आणि पहिला प्रश्न मला, "ब्याटरीची तार काढली का जी?"

काढली नव्हती. तुम्हीच सांगा, नवशिक्यानंही करू नये अशी चूक, आणि तीही त्यांच्यासमोर, पोरीसमोर. मी गुपचूप खाली उतरून तार काढली.

मग ते तिवारीजींना म्हणाले, "दूसरी चाबी कहाँ है?"

"दूसरी?" तिवारीजी गोंधळले. "वो तो जब से गाड़ी ली, पूजा वाले आले में रखी है. हर विश्वकर्मा पूजा को टीका लगता है उस पर."

"ले आइए. घिसी चाबी ने ताला घिसा है. वो दूसरी तो कुँवारी है."

सोळा वर्षं देवाच्या कोनाड्यात ठेवून त्या चावीला हळदीकुंकू वाहत होते आणि कुलपात एकदाही घातली नव्हती! आणि मी, तिवारीजींच्या घरी दहादा चहा प्यालेला माणूस, मला दुसरी चावी विचारायचं सुचलं नाही. ते मोटारसायकलवर घराकडे पळाले.

तोवर तुटका तुकडा काढायचा होता. मास्तरांनी कंपासमधून करवतीच्या पात्याचा सुईएवढा बारीक तुकडा काढला, पेन्सिलचं शिसं खरवडून त्याची पूड कुलपात फुंकली. मग ते पातं अशूच्या हातात दिलं. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं, त्यांचे दोन्ही हात थरथरत होते.

"काढ वं पोरी. दातावर अडकव न हळूच ओढ."

आणि अशू, माझी अशू, माझ्या डोळ्यांदेखत म्हणाली, "मास्तर, मले अंदर काही दिसून नाही राहिलं."

"दिसत नसते वं. बोटाले समजते."

"अडकला! थांबा, थांबा, मी ओढतो... ओढते!"

"ओढ ना मंग, कोणाची वाट पाहून राहिली?"

मी पायदानावर उभा. मराठी! घडाघडा मराठी! व्याकरण नाही, साताऱ्याचा एक सूर नाही, निम्मी हिंदी आणि निम्मी भंडाऱ्याची, पण बोलत होती, हसत होती. तुकडा बाहेर आला. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "पापा, ज़रा टॉर्च दीजिए."

मी टॉर्च दिली. दुसरं काय करणार?

तिवारीजी चावी घेऊन आले. तिच्यावर कुंकवाचं बोट अजून ताजं. अशूनं ती पुसली, घातली, आणि ते हट्टी कुलूप लोणी कापावं तसं एक नंबरवर फिरलं. तार भोकात, खिट्टी दाबली, सिलिंडर बाहेर. नवा सरळ धरून आत ढकलला, 'खट्' आवाज झाला, मी बॅटरीची तार जोडली, तिवारीजींनी चावी फिरवली आणि ट्रक सुरू झाला. "बिटिया ने कर दिया!" तिवारीजी सगळ्या रस्त्याला सांगत सुटले. मी ड्रिल मशीन कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवलं.

संध्याकाळी रस्ता ओलांडून मीच त्यांच्या ठेल्यावर गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. आभार मानायला गेलो असं मनाशी म्हणत होतो, पण तोंडातून निघालं भलतंच.

"मास्तर, ती तुमच्याशी मराठी बोलते. माझ्याशी का बोलत नाही?"

ते चाव्या तारेत ओवत होते. हात थांबला.

"सांगू का जी? राग नका मानू. तुमच्या गावी कोणतं तरी लग्न होतं, पोरगी चौदाची होती. पंगतीत मराठीत काही चुकीचं बोलली. तुम्ही ते सगळ्या पंगतीले ओरडून सांगितलं न हसले. सगळे हसले."

मला आठवलं. माझ्या पुतण्याचं लग्न. काय बोलली होती ते आता आठवतही नाही. मला ते एवढं गोड वाटलं होतं, की कौतुकानं सांगितलं होतं सगळ्यांना. देवाशप्पथ, कौतुकानंच.

"तुम्ही नाही हसत तिला?" मी विचारलं.

"हासतो ना. तिच्यासंगं हासतो." आणि वर, "माह्या मराठीले तं अख्खा कारखाना हासे जी."

त्यांनी काही उपदेश केला नाही. केला असता तर भांडून तरी मोकळा झालो असतो.

पुढच्या रविवारी मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. बायकोनं झुणका केला. मास्तर भाकरी कुस्करून, डोळे मिटून जेवले. मला बरं वाटलं, आणि तेवढ्यात अशूनं पहिली गरम भाकरी त्यांच्या ताटात वाढली, दुसरी माझ्या. बघा, माणसाचं मन किती कोतं असतं. पाहुण्याला आधी वाढायचं हे मीच तिला शिकवलं होतं, तरी पहिली भाकरी कुणाच्या ताटात गेली ते मी मोजलंच.

मी प्रयत्न केला. तिला मराठीत हाक मारायची, उत्तर हिंदीत आलं तरी चिडायचं नाही. जमत नव्हतं. ती जपून बोलायची माझ्याशी, अजूनही हिंदीतच. मास्तरांशी मात्र खुशाल.

थंडी वाढली तसा मास्तरांच्या छातीत कफ धरला. मुलानं त्यांना गावी, भंडाऱ्याकडे त्यांच्या भावाच्या घरी नेलं. ठेला काही दिवस ताडपत्रीखाली उभा होता, मग तोही कुणी घेऊन गेलं. माझ्या मनात काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मला वाटलं, चला, आता तरी माझ्याकडे वळेल. कसली वळतेय! दर रविवारी गच्चीवर जाऊन त्यांना फोन. मी जिन्यात उभा राहून ऐकायचो. चोरासारखा, स्वतःच्या घरात.

मार्चमध्ये एक दिवस दुपारी मी गॅरेजमध्ये हात धूत होतो. अशू कॉलेजची बॅग तशीच पाठीवर घेऊन धावत आली. चेहरा लाल झालेला.

"पापा," ती म्हणाली, "मास्तर गेले. परवाच गेले. मले कोणी सांगितलंच नाही. मी आज फोन केला तं त्याईच्या भावानं सांगितलं. मी रविवारी बोलले होते ना त्यांच्याशी, ते म्हणे, बरा आहो मी..."

पाच वर्षं वाट पाहिलेली वाक्यं ती एका दमात बोलून गेली. आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा माझ्या मनात मास्तर आले नाहीत. पहिल्यांदा आलं, पोरगी माझ्याशी मराठीत बोलली. मग लगेच कळलं, की हे बोलणंसुद्धा त्यांचंच, त्यांच्याचसाठी. पण ते सांगायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून ती माझ्याकडे आली होती.

"बोल," मी म्हणालो. "अजून बोल."

ती बोलत राहिली, रडत, हुंदके देत, चुकत. साबणाच्या ओल्या हातांनी मी तिला जवळ घेतलं. मीही रडलो. तिला वाटलं, मास्तरांसाठी. मी तसंच वाटू दिलं.