चाचांचा गार दम

आमच्याकडे नवा माणूस कामाला लागला की पहिल्याच आठवड्यात घाबरायचा. आमचे ऑपरेटर चाचा साइटवरून फोन करायचे, "मॅडम, मशीनला दम दिलाय. जरा येळ लागंल." ऐकणाऱ्याला वाटायचं, हा म्हातारा यंत्रालासुद्धा दम देतो, तर आपलं काय होणार! चाचांना म्हणायची असायची विश्रांती. घरात दखनी बोलणारा माणूस. 'दम लेने दो'चं त्यांनी आपल्यापुरतं मराठी करून टाकलं होतं. मी एकदा सांगून पाहिलं, "चाचा, मराठीत दम देणं म्हणजे धमकावणं." ते म्हणाले, "असंल की. आमचा दम गार हाय." त्या दिवसापासून ते सगळ्यांचे दमचाचा झाले.

सोलापुरातली आमची कंपनी लहानशी. टाक्यांचे, बॉयलरचे वेल्डिंगचे जोड एक्स-रे काढून तपासायचे, हे काम. दवाखान्यात हाडांचा काढतात, आम्ही लोखंडाचा. मशीन उचलून कुठंही नेता येणारं, पण भारी तापट. जितका वेळ चालवलं तितकाच वेळ थांबवावं लागायचं, नाहीतर आतली ट्यूब जळायची. चाचा हात उलटा करून त्याला शिवून बघायचे, लेकराचा ताप बघावा तसे. "अजून अंग गरम हाय," असं म्हणून टाकीच्या सावलीत बसायचे. घाई करणाऱ्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत.

मशीन चालू असताना जवळ कुणी थांबायचं नाही. लांबवर दोरी बांधायची आणि आत कुणी शिरू नये म्हणून तिथं माणूस उभा करायचा. टेंभुर्णीकडे एका कारखान्यात मळीच्या टाकीचं काम होतं. एप्रिलचं ऊन, आणि दोरीपाशी झाड औषधालाही नाही. तिथं सिद्राम उभा असायचा. अक्कलकोटकडचा, पन्नाशी उलटलेला, विचारल्याशिवाय न बोलणारा. मशीन थांबलं की चाचा त्याला त्याच्या कानडीत 'ये' म्हणून हाक मारायचे, "सिद्राम, बारो! दम आला!" सिद्राम सावलीत यायचा, पाणी प्यायचा, टोपी भिजवून पुन्हा डोक्यावर ठेवायचा. चाचा डब्यातली शेंगाचटणी त्याच्यापुढे सरकवायचे. मी तिथं असले की माझ्याही पुढे यायची.

मग मालकांच्या मुलानं नवं मशीन आणलं. त्यात पंखा होता, आत गार पाणी फिरत होतं. आपण किती वेळ चाललो, किती तापलो, किती थांबलो, हे सगळं मशीन स्वतःच नोंदवायचं आणि ते माझ्या कॉम्प्युटरवर उमटायचं. थांबण्याचं कारण लिहायला शेऱ्याचा एक रकाना होता. चाचा त्यात एकाच बोटानं टाइप करायचे, 'दम दिला'. दर वेळी तेच. ऑफिसात हसून हसून पुरेवाट व्हायची.

छोटे साहेब मात्र हसले नाहीत. चाचांना बोलावून त्यांनी स्क्रीन दाखवला. "चाचा, मशीन तर केव्हाच गार झालं होतं. मग थांबलात कशाला?"

चाचा त्या रेघांकडे बघत राहिले. "मशीन गार झाली, साहेब. सिद्राम कुटं गार झाला?"

"मग त्यानं सांगावं की, विश्रांती पायजे म्हणून."

"त्यानं मागितल्यावर तुमी देता तो दम येगळा असतो."

साहेबांचे कान लाल झाले. मला तेव्हा कळलं. जुनं मशीन तापायचं हे खरंच होतं, पण त्याच्या नावावर चाचा माणसांना सावलीत आणत होते. यंत्र थांबलं तर कुणाच्या पोटात दुखत नव्हतं. आता यंत्रच सांगत होतं की मला काही झालेलं नाही.

चाचांना साइटवरून काढून गोडाऊनमध्ये बसवलं. फिरत्या माणसाला खुर्ची कशी मानवणार? थोड्याच दिवसांत किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवून ते मोहोळला लेकीकडे निघून गेले. जाताना डबा माझ्यासाठी ठेवून गेले. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

नव्या ऑपरेटरच्या नोंदींत खंड नसतो. साहेब खूश होते. यंदाच्या उन्हाळ्यात सिद्राम दोरीपाशीच कोसळला. जीव वाचला, पण आता त्याला बोलताना शब्द सापडत नाहीत. आधीच अबोल माणूस. कामावर तो परत आला नाही. त्या दिवसाचा अहवाल मीच काढला. मशीनचं तापमान अगदी व्यवस्थित होतं.

मी चाचांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "शेऱ्यात काय लिवलंय?"

"काही नाही, चाचा. रिकामा आहे."

"मग तुमी लिवा की, मॅडम. दम दिला न्हाय, म्हणून लिवा."

मी ती नोंद उघडली. पण दिवस संपला की ती बंद होते. मागाहून कुणी फेरफार करू नये म्हणून मशीनमध्ये तशी सोयच केलेली आहे. रकाना समोर दिसत होता आणि त्यात एक अक्षरही उमटत नव्हतं.

"लिवलं?" चाचांनी विचारलं.

मी हो म्हटलं.