गाडीला रेडिओ बसवला तेव्हा

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा सासूबाईंनी मला घर दाखवलं आणि यजमानांनी गाडी. सासऱ्यांच्या वेळची काळी विलायती गाडी. वळायचं असलं की तिच्या दाराशेजारून एक पिवळा हात टपकन बाहेर यायचा. त्याचं यांना केवढं कौतुक! हे कॉलेजात शिकवायचे, पण बायकोपेक्षा गाडीशीच जास्त बोलतात, असं मी माहेरी सांगायचे आणि सगळे हसायचे.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि पहिल्या बाळंतपणासाठी हे मला त्याच गाडीतून मोडनिंबला, माझ्या माहेरी सोडायला निघाले. मोहोळच्या अलीकडे गाडी एका खड्ड्यात आदळली. माझ्या पोटात कळ आली ती थांबलीच नाही. मोहोळला डॉक्टर मिळाले, पण मूल वाचलं नाही. मुलगा होता, असं नंतर कुणीतरी सांगितलं. धक्क्यानं असं होत नसतं, हे व्हायचंच होतं, असं डॉक्टर म्हणाले. घरात त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. माझा बसला की नाही, आठवत नाही. त्या दिवसांत काही वाटल्याचंच आठवत नाही. भाकऱ्या थापायचे, धुणं वाळत घालायचे, कुणी विचारलं तर ‘बरी आहे’ म्हणायचे.

"विकून टाक ती अवदसा," सासूबाई यांना म्हणाल्या. यांनी विकली नाही, उलट मिस्त्री बोलावला. आधी धक्के झेलणारे खालचे पाटे बदलले. मग टोचणाऱ्या स्प्रिंगची गादी काढून फोमची बसवली. मग पंखा हवा झाला, आणि तो जुन्या बॅटरीवर चालेना म्हणून मोठी बॅटरी आली. मग रेडिओ, मग खिडक्यांना पडदे. पिवळा हात गेला, त्याच्या जागी लुकलुकणारे दिवे आले. पोर गेलं आणि याला गाडी नटवायची हौस, असं शेजारणी कुजबुजायच्या. मलाही तेच वाटायचं. मुलाबद्दल हे माझ्याशी एका शब्दानं बोलले नव्हते. राग यायला हवा होता, तोही येत नव्हता.

काम संपल्यावर मिस्त्री दारात येऊन म्हणाला, "वैनी, बसून तर बगा की. आता पोटातलं पानी हलायचं न्हाय."

बिचारा सहज बोलला, सगळेच तसं म्हणतात. हे खाली मान घालून हात पुसत राहिले. मी आत जाऊन कुकर लावला.

माहेरी मी एसटीनं जायचे. एसटी त्या गाडीच्या दुप्पट आदळायची, पण तिचं मला काही वाटत नव्हतं. हे स्टँडवर यायचे, खिडकीतून पिशवी आत द्यायचे, "पोचलीस की पत्र टाक" म्हणायचे आणि जायचे. आणखी काही वर्षं असंच चाललं असतं तर आम्ही एकमेकांना परके झालो असतो.

मग माझ्या भावाचं लग्न निघालं. आहेराचं सामान एसटीत मावण्यासारखं नव्हतं. मी मुकाट्यानं यांच्या शेजारी गाडीत बसले.

गाडी खरोखरच हिंदकळत नव्हती. पंख्याचा वारा तोंडावर येत होता, रेडिओवर कुणीतरी कपाशीवरच्या किडीबद्दल सांगत होतं. मी पदर मुठीत धरून तो खड्डा यायची वाट बघत होते. एका जागी यांनी गाडी हळू केली, रेडिओ बंद केला आणि थोडं पुढं जाऊन पुन्हा लावला. कीड पुन्हा सुरू झाली. मग मोहोळची घरं दिसायला लागली आणि मी यांच्याकडे वळले.

"अहो, ती जागा?"

"गेली मागं. रेडिओ बंद केला ना, तिथं." समोर बघतच म्हणाले, "एकटा आलो तरी करतो."

गाडी चालवून बघायला म्हणून हे अधूनमधून बाहेर पडत, ते इथवर येत होते तर. रडू मला तेव्हाही आलं नाही. पण इतके दिवस ते मूल माझ्या एकटीचंच होतं, असं मी धरून चालले होते.

लग्न आटोपून परतताना, मोहोळ सुटलं तशी मी रेडिओच्या बटणावर बोटं ठेवून बसले. बाहेर सगळा रस्ता सारखाच, मला काही ओळखू येत नव्हतं.

"आता," हे म्हणाले.

मी बटण फिरवलं.