वहिनींची बंदूक

झुंबरबाई ही माझी थोरली भावजय. मी त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला बसलोय असं कुणी समजू नये. चांगलं बोलणारे पाथर्डी तालुक्यात भरपूर आहेत. परवाच एका पोरानं मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ काढला आणि खाली 'वाघीण' असं लिहिलं. ज्या बाईनं जन्मात एक ससा मारला नाही ती वाघीण कसली? पण लोकांनी अंगठे दाबले. मी त्यांचा धाकटा दीर, बन्सी. माझ्या पोटात दुखतं, आणि ते मी कुणापासून लपवत नाही.

दुखण्याचं कारण बंदूक. आमची वस्ती डोंगराच्या पायथ्याला, ओढ्याच्या कडेनं. डोंगरातून रानडुकरं याच ओढ्यानं खाली उतरतात आणि एका रात्रीत भुईमुगाचं शेत नांगरल्यासारखं करून जातात. म्हणून आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, फार वर्षांपूर्वी पीक राखायचा परवाना काढून बारा बोअरची एकनळी घेतली. आसपासच्या वस्त्यांवर दुसरी बंदूक नव्हती, आजही नाही. दिवेलागणीला बार वाजला की लोक म्हणायचे, "आबांची बंदूक वाजली." खंडेनवमीला बंदूक पाटावर ठेवून तिला झेंडूची माळ घालायचे, आणि हळदीकुंकू वाहायला सगळी वस्ती आमच्या ओसरीवर यायची. मी लहानपणापासून त्या पाटाशेजारी उभा राहत आलो. माळ घालायचा मान माझा कधी नव्हता.

वाटणी झाली तेव्हा रान दोन भागांत झालं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या झाल्या, भांडीसुद्धा मोजून घेतली. बंदूक काही मधून कापता येत नाही. परवाना एकाच्याच नावावर चढतो. आबा म्हणाले, थोरल्याची. थोरला म्हणजे गोरक्षनाथ, वहिनींचा नवरा. बदल्यात मला जर्सी गाय मिळाली. गाय दोन वर्षांत मेली आणि बंदूक अजून धडधाकट आहे. तेव्हापासून लोक 'नाथभाऊंची बंदूक' म्हणायला लागले. मी मान डोलवत राहिलो. भाऊ होता, त्याच्यापुढे काय बोलणार?

मग भाऊ गेला. छातीत कळ आली आणि नगरला पोहोचायच्या आतच गेला. बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. आता ती कुणाच्या नावावर होणार हा प्रश्न आला. पुतण्या करण चाकणला कंपनीत. त्याला डुकरं फक्त सुट्टीत दिसायची. उरलो मी. पण दहावा-तेरावा होतो न होतो तोच मी बंदूक मागितली असती तर लोक म्हणाले असते, भावाची राख निवली नाही आणि याला बंदुकीचे डोहाळे लागले. म्हणून मी डोकं चालवलं. वहिनींनाच म्हणालो, "वहिनी, तुमीच अर्ज करा. हक्क तुमचा हाय."

माझा हिशेब सरळ होता. पासष्टी गाठलेली बाई, शाळेचं तोंड न बघितलेली. तिला कोण बंदूक देतंय? साहेब हसून अर्ज बाजूला ठेवणार आणि विचारणार, घरात दुसरं कोण आहे? मग मी पुढे होणार. लोभी न दिसता बंदूक घरी येणार. म्हणून ना हरकतीवर मी पहिली सही ठोकली, वर चार माणसांत म्हणालो, आमच्या वहिनी काय कमी आहेत?

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

त्यांना बंदूक चालवायचं शिक्षण घ्यायला पाठवलं, तर त्या एसटीनं एकट्या जाऊन आल्या. पुढं साहेबांसमोर बोलावणं आलं. मी सोबत गेलो होतो, माझा नंबर लागेल म्हणून नवा सदरा घालून. साहेबांनी विचारलं, "आजी, जनावर समोर आलं तर गोळी घालाल?"

वहिनी म्हणाल्या, "न्हाई साहेब. मला त्याला मारायचं न्हाई, घरी धाडायचंय. आभाळाकडं बार काढायचा, ते आल्या वाटंनं जातंय."

साहेबांनी मान वर केली, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि चहा मागवला. चहा दोघांनाच आला. परवाना वहिनींच्या नावावर झाला. मी परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसलो.

आणि बाईनं बंदूक चालवली हो. दिवे लागायच्या वेळेला लुगड्याचा पदर खोचायचा, बंदूक खांद्याला लावायची, आभाळाकडे एक बार, बस. काडतुसांचा डबा कुलपात आणि किल्ली कमरेला. दसरा-दिवाळी झाली की अर्धी वस्ती ऊसतोडीला जाते, घरांना कुलपं लागतात, मागं म्हातारीकोतारी आणि उभी तूर राहते. त्या सगळ्यांच्या रानाची राखण या एका बारावर व्हायला लागली. जाणारे लोक जीपमध्ये चढताना मला नाही, वहिनींना सांगून जायचे, "बाई, आमच्याकडं बी ध्यान असू द्या."

तरुण पोरांनी त्यांना गळ घातली होती. एखादं डुक्कर पाडा, वस्तीला रस्सा होईल, कोण बघतंय? खरं सांगायचं तर त्या पोरांच्या मागं मीच उभा होतो. वहिनी म्हणाल्या, "परवाना राखनीचा हाय, रश्श्याचा न्हाई." पोरं हसत निघून गेली. वनखात्याच्या माणसापर्यंत ती गोष्ट पोहोचली, आणि तो आता येता-जाता त्यांच्याच ओट्यावर पाणी प्यायला थांबतो. माझं घर रस्त्यात आधी लागतं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण पहिल्याच हंगामात एक गोष्ट झाली. त्यांच्या आणि माझ्या रानात एकच बांध. त्या आपल्या घराशी उभ्या राहून बार काढायच्या, आणि दचकलेली डुकरं बांध ओलांडून थेट माझ्या मक्यात. त्यांचा भुईमूग शाबूत, माझी कणसं भुईसपाट. मी त्यांच्या दारात जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "बंदूक तुमच्याकडं, पीक तुमचं वाचतंय, आन डुकरं माझ्याकडं धाडताय. भावाच्या मागं हेच बघायचं ऱ्हायलं हुतं."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला वहिनी घरापासून निघाल्या, अख्खं रान तुडवत मधल्या बांधावर आल्या आणि तिथून बार काढला. डुकरं डावीकडेही गेली नाहीत आणि उजवीकडेही नाहीत. आल्या वाटेनं ओढ्यातून डोंगरात गेली. त्या दिवसापासून रोज त्या बांधापर्यंत चालत यायच्या. गुडघे दुखायचे, वाटेत एकदा बसायच्या, पण यायच्या. माझं पीक वाचलं. मला बरं वाटायला हवं होतं, नाही वाटलं. माझ्या रानाची राखण माझी भावजय करते हे आता वस्तीला रोज आवाजासकट कळत होतं. माझी बायको रतन तर बांधावर त्यांना गरम भाकरी आणि ठेचा नेऊन द्यायची. मला तीच भाकरी निवलेली मिळायची. बोललो तर म्हणायची, "त्या राखन करत्यात. तुमी काय करताय?"

मग विधानसभेची निवडणूक लागली. आचारसंहितेत बंदुका ठाण्यात जमा करायला सांगितल्या. वहिनींबरोबर जायला कोणी नव्हतं, मी गेलो. एसटीत चढताना म्हणालो, "द्या हिकडं, मी धरतो." निदान स्टँडपासून ठाण्यापर्यंत चार लोक बघतील तरी, हा माझा विचार.

वहिनी म्हणाल्या, "नगं भाऊजी. परवाना माझ्या नावावर हाय. तुमच्या हातात दिसली तर तुमालाच आत बसवत्याल. तुमी ही पिशवी घ्या."

पिशवीत भाकरी होत्या. त्या बंदूक घेऊन पुढे आणि मी भाकरी घेऊन मागे, असे आम्ही पाथर्डीच्या बाजारातून गेलो. ठाण्यात हवालदार उठून म्हणाला, "या आजी, बसा." आणि स्वतःची खुर्ची सरकवली. मी भिंतीला टेकलो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण दिवेलागणीला नीट दिसेना. एक दिवस त्या आपणहून माझ्या ओसरीवर आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, सत्तरी झाली. दिसत नसताना बंदूक हातात धरू ने. करन हो म्हनलाय. आता तुमी घ्या."

मी वरवर दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा त्या विचारणार नाहीत अशी भीती वाटली, म्हणून लगेच हो म्हणालो. शिक्षण झालं, चौकशी झाली, परवाना झाला. खंडेनवमीला बंदूक माझ्या ओसरीवरच्या पाटावर होती. झेंडूची माळ मी घातली. वहिनी खाली, बायकांत बसल्या होत्या. आयुष्यात एवढं गोड जेवण मला कधी लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी पहिला बार काढला. बांधावर गेलो नाही. मुद्दाम माझ्या अंगणात, सगळ्या वस्तीला दिसेल असा उभा राहिलो. आवाज काय झाला म्हणून सांगू. खांदा निखळल्यासारखा झाला, पण मी हसत होतो. तेवढ्यात पलीकडून पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज यायला लागला.

डुकरं माझ्या मक्यातून उठली होती आणि बांध ओलांडून वहिनींच्या भुईमुगात घुसली होती. काढणीला आलेला भुईमूग. डोळ्यावर काळा चष्मा लावून ती म्हातारी रानात उभी होती आणि जिकडून आवाज येईल तिकडे तोंड करून डबा बडवत होती. मी धावत गेलो तोवर निम्मं शेत उलटंपालटं झालं होतं. आता ही माझ्या दारात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलणार, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती आली नाही. सकाळी बघतो तर वहिनी उकरलेल्या मातीत बसून राहिलेल्या शेंगा चाचपून वेचत होत्या. रतन त्यांच्या शेजारी बसली होती. माझ्याशी कोणीच बोललं नाही.

बोलले असते तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो.

त्या संध्याकाळी मी मधल्या बांधावर गेलो. तिथं एक चपटा दगड रोवलेला आहे. दगडासमोरचं गवत पायानं झिजून गेलेलं. त्या दगडावर बसून दम खायचा, मग उभं राहून बार काढायचा, असं त्यांचं चाललेलं होतं. मी तिथून बार काढला. डुकरं ओढ्यानं वर गेली. दोघांची रानं वाचली. खाली वस्तीवरून शेजारच्या भागवतचा आवाज आला, तो बायकोला सांगत होता, "झुंबरबाईची बंदूक वाजली, चल, जेवायला वाढ."

नळी अजून गरम होती आणि माझ्या हातात होती.

मी रतनला म्हणालो, लोकांना सांग, बंदूक आता कुणाची आहे. ती म्हणाली, सांगते की. सांगितलंही असेल. पण तोंडाला बसलेलं नाव निघत नाही. पोरं म्हणतात झुंबरआजीची बंदूक. ऊसतोडीला निघालेली माणसं जीपमधून मला ओरडून सांगून गेली, "झुंबरबाईच्या बंदुकीला जपा, अण्णा." वहिनी स्वतः म्हणतात, "आबांची बंदूक." मधे माझं नाव कुठंच नाही.

महिन्याभरापूर्वी पुन्हा निवडणूक लागली, या वेळी गावाकडची. पुन्हा बंदुका जमा करायचा निरोप आला. मी नवा सदरा घातला, बंदूक खांद्याला अडकवली आणि एकटा एसटीत बसलो. बाजारातून सावकाश, छाती काढून चाललो. ठाण्यात नवा हवालदार होता. मान खाली घालून लिहीत होता. त्यानं विचारलं, "बंदूक कुणाची?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "वहिनींची."

त्यानं लिहायचं थांबवलं. मान वर करून आधी बंदुकीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "वहिनींची? मग तुमच्याकडं कशी काय आली?"

मी खिशातून परवाना काढून पुढे केला. नाव माझं, फोटो माझा, शिक्का ताजा. त्यानं तो दोनदा वाचला, आतल्या साहेबांना नेऊन दाखवला. साहेब बाहेर आले, तेही पुन्हा तेच विचारायला लागले. मी सांगत होतो, माझीच आहे हो, माझीच आहे, आणि ते दोघे एकमेकांकडे बघत होते. शेवटी तो जुना हवालदार कुठूनसा आला, बंदूक ओळखून हसला आणि म्हणाला, "अरे, ही तर आजींची. घ्या जमा करून." मग मला विचारलं, "आजी बऱ्या हायेत ना?"

बऱ्या आहेत म्हणालो. पावती होईपर्यंत बराच वेळ लागला. खुर्ची रिकामीच होती, पण मला कुणी बस म्हणालं नाही. मी उभाच राहिलो.