संक्रांतीला लुटलेली कादंबरी

मोबाईलवर एक गोरागोमटा माणूस यायचा आणि सांगायचा, लेखकानं पहाटे उठून रोज एक पान लिहिलंच पाहिजे, ध्येय भिंतीवर चिकटवून ठेवलंच पाहिजे. मी म्हणायची, बापा, तुझ्या वावरात कपाशी फुटली नाही म्हणून बोलून राह्यला तू. आमच्या राळेगाव तालुक्यात दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत साऱ्या गावाचं ध्येय एकच असतं, वेचणीला बाया मिळवणं. ज्या दिवशी बाया मिळाल्या नाहीत त्या दिवशी मीच कमरेला ओटी बांधून कापूस वेचला आहे. संध्याकाळी बोंडांच्या टोकांनी सोललेल्या बोटांनी मोबाईलवर टाईप करायला बसलं की अक्षर एक दाबावं आणि दुसरंच उमटावं.

तरी लिहिलं. भिंतीवर काही चिकटवलं नाही, कारण आमच्या भिंतीला पोपडे. मनाशी एवढंच ठरवलं होतं की पोळी-भाजी झाल्यावर आणि म्हशीचं दूध काढायच्या आधी जेवढा वेळ सापडेल त्यात जे होईल ते आपलं. असं करत करत माझी कादंबरी झाली. तिच्यात एक बाई होती, मालवाहू ऑटो चालवणारी. वेचणीच्या बायांना या गावाहून त्या गावाला पोचवायची, वाटेत त्यांची भांडणं सोडवायची, स्वतःची मात्र कोणाला सांगायची नाही. शेवटी ती ऑटो विकून माहेरी निघून जाते. लिहिताना मला ती इतकी खरी वाटायची की रस्त्यानं ऑटो वाजला तरी मी वळून बघायची.

एका मोठ्या शहरातल्या प्रकाशकाकडे पाठवली. त्यानं पुष्कळ दिवसांनी कळवलं की विषय बरा आहे, पण पात्रांची भाषा प्रमाण करून पाठवा. अरे, माझी ऑटोवाली राळेगावच्या स्टँडवर उभी राहून "कृपया आसनस्थ व्हा" म्हणेल का? मला असा राग आला की मी पदरमोड करून यवतमाळातच छापायची ठरवली. नवऱ्यानं ऐकलं आणि "बरं" म्हणाला. हा माणूस गारपीट झाली तरी "बरं" म्हणतो.

गठ्ठे एसटीनं आणले. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात?" मी मान ताठ करून म्हटलं, "पुस्तकं. मी लिहिलेली." त्यानं एकदा गठ्ठ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सामानाचं तिकीट फाडलं. कापूस भरायच्या खोलीत एका कोपऱ्यात गठ्ठे रचले, बाकीच्या खोलीत छतापर्यंत कापूस. खोलीचं दार उघडलं की शाईचा आणि सरकीचा मिळून जो वास यायचा तो मला आजही कधीकधी उगीचच येतो, आणि मी जिथं असेन तिथं उभी राहते.

मग दिवाळी आली. पाहुण्यांना पुस्तकं दिली. चुलत नणंद शाळेत मास्तरीण आहे, तिनं पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "कव्हर छान आहे हो." दीर म्हणाले, सवड मिळाली की वाचतो. त्यांना अजून सवड मिळालेली नाही. पैसे मोजून तर कोणीच नेलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, मी स्वतःला म्हणू लागले. कोणी सांगितलं होतं? गावातल्या बायकांना पेपर वाचायची सवड नाही, आणि तू त्यांच्यासाठी कादंबरी लिहिणार? शंका म्हणजे गाजरगवत आहे. एकदा बांधावर उगवलं की वावरभर होतं. दुसऱ्या कादंबरीची सुरुवात करून ठेवली होती, तिच्याकडे बघवेना. कोण वाचणार आहे, हा एकच प्रश्न भाकरी थापतानाही डोक्यात.

एक दिवस जेवताना मी नवऱ्याला सांगून टाकलं, "होळीपर्यंत घराबाहेरच्या एकाही माणसानं वाचून काही म्हटलं नाही, तं मी लिहिणं बंद करते. कायमचं. पुस्तकं होळीत गेली तरी चालतील."

"बरं," नवरा म्हणाला.

आत्याबाई, म्हणजे माझी सासू, बाजूला ताट घेऊन बसली होती. तिनं वरण मागितलं. मला वाटलं, हिला काय त्याचं? ती शाळेची पायरी चढली नव्हती. सही म्हणून अंगठा, आणि अक्षर म्हणजे तिला मुंग्या.

संक्रांतीनंतर माझ्याकडे हळदीकुंकू होतं. वाण म्हणून लुटायला मी प्लास्टिकच्या वाट्या आणून ठेवल्या होत्या. आत्याबाई विधवा. आमच्या गावात विधवा बाई हळदीकुंकवात बसत नाही आणि वाणाला हात लावत नाही. हे बरं आहे असं मी म्हणत नाही, पण असं होतं. दरवर्षी त्या दिवशी ती आपण होऊन मागच्या आवारात म्हशीजवळ जाऊन बसायची. त्या दिवशी गेली नाही. कापसाच्या खोलीच्या दारात पिढा टाकून बसली. मी बायांना कुंकू लावून, वाटी देऊन वळले की निघणारी प्रत्येक बाई त्या दारावरून जायची. तिथं आत्याबाई मागं हात घालून एक पुस्तक काढायची आणि तिच्या हातात द्यायची.

मी आत चहा ठेवायला गेले होते, म्हणून मला कळायला उशीर झाला. बाहेर आले तर बाया दारात घुटमळलेल्या. एकीनं धीर करून विचारलं, "मामी, हे वाण हाय का?"

"वाण नोहे. मी कायले वाण देऊ? आमच्या सुनेनं पिकवलं, घरचं हाय. घे. हरबरा देतो तसं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांदेखत काय बोलणार? बाया गेल्यावर मी खोलीत पाहिलं. जिथं गठ्ठे होते तिथं नुसती सुतळी पडलेली.

"आत्याबाई, काय केलं हे? अवं, माणूस स्वतःहून वाचते का ते मले पाहायचं होतं! आता या बाया लाजेकाजेनं नेतीन आन् फळीवर फेकून देतीन!"

"पुस्तक खोलीत ठिवून कोन वाचनार होतं? कापूस?" ती म्हणाली आणि पिढा उचलून आत गेली.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. आणि त्यावर कडी म्हणजे आमच्याकडची रीत. जी बाई तुमच्याकडे हळदीकुंकवाला आली, तिच्याकडे तुम्हाला जावंच लागतं. रथसप्तमीपर्यंत. न गेलात तर वर्षभर ऐका. म्हणजे ज्या ज्या घरात माझं पुस्तक गेलं, त्या त्या घरात मला पायांनी चालत जाऊन त्याचं काय झालं ते बघायचं होतं. परीक्षेचा निकाल पोस्टानं यायचा तेव्हासुद्धा मला इतकं भेव वाटलं नव्हतं. पहिल्या घराच्या फाटकाशी मी पदर सारखा करत इतका वेळ उभी राहिले की त्यांचं कुत्रं भुंकून दमलं.

आत गेले. पुस्तक देवघरात होतं. बाळकृष्णाशेजारी उभं, कव्हरवरच्या ऑटोला हळद, कुंकू आणि वर एक झेंडूचं फूल.

"वाण नोहे म्हणे मामी, आन् परसादही नोहे," घरची बाई म्हणाली. "मंग ठिवावं कुठं? आमाले काही समजेना. म्हणून म्या देवाजवळच ठिवलं."

पुढच्या दोन घरीही तेच. एकीनं तर तीळगूळही ठेवला होता, मुंग्या थेट पहिल्या प्रकरणात शिरलेल्या. माझी कादंबरी गावभर पूजली जात होती आणि एक पान कोणी उलटलं नव्हतं. हसावं की रडावं? मी घरी येऊन रडले.

चौथ्या की पाचव्या घरची नवी सून मात्र मला चुलीजवळ ओढून हळूच म्हणाली, "काकू, मी वाचून राह्यली. आमच्या आत्याबाईले सांगू नका, गादीखाली ठिवते." मला तिला घट्ट धरावंसं वाटलं. पण मनातला वकील गप्प बसेना. नवी सून आहे, मान राखायला म्हणत असेल. कुठवर वाचलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी गावाबाहेरचा तांडा राहिला. तिथली एक म्हातारी माझ्याकडे आली होती, आमच्या वावरात वेचणीला यायची ती. हातभर बांगड्या आणि बोलणं रोखठोक. मी अंगणात पाय ठेवला तोच ती खाटेवरून ओरडली, "आली का? ये. तुयाशी भांडायचं हाय."

कुंकू नाही, पाणी नाही, सरळ भांडण. तिची नात कॉलेजात जाणारी. ती रोज संध्याकाळी पुस्तक मराठीत वाचायची आणि आजीला गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा भाषेत सांगायची. शेजारपाजारच्या बायाही येऊन बसायच्या. पुस्तक पुरं झालं होतं.

"त्या बाईनं आटो काहून इकला?" म्हातारी म्हणाली.

मी म्हटलं, "दमली होती ती. एकटी होती. माहेर..."

"माहेर जाय म्हणा! पर आटोनं जाय. इकून कायले जाते? आमचे बापदादे बैलाइवर माल लादून मुलूख हिंडले. बैल मेला तं रडले, पर इकला नाई. ज्याच्यावर पोट भरलं ते इकते का कोनी? तुले लिवता येते, पर गाडीवाल्याचं मन नाई समजत."

नात ओशाळून म्हणाली, "याडी, पुरे." आईला, आजीला तांड्यावर याडी म्हणतात. पण याडी थांबते कुठली? बाजूच्या बाया सरकून जवळ आल्या. एक म्हणाली, इकला ते बरंच केलं, बाईमाणसानं किती दिवस हांडल धरायचं? दुसरी तिच्यावर धावली. माझ्या ऑटोवालीवरून त्या तांड्याच्या अंगणात असं जुंपलं की मला कुंकू लावायचं राहूनच गेलं. मधेच एक बाई ऑटोवालीचे संवाद गोरबोलीत म्हणून दाखवत होती. मला शब्द कळत नव्हते, पण कोणता प्रसंग आहे ते कळत होतं. आधी मला राग आला होता, खरं सांगते. मग तो कुठं गेला कळलं नाही. मी तिथं खाटेच्या कडेला बसले आणि जन्मात कधी झाले नव्हते इतकी खूश झाले.

घरी आले तेव्हा आत्याबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी शेजारी बसून सोलू लागले. तांड्यावरचं सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत सोलत राहिली. मग मीच विचारलं, "तुमी काहून वाटली पुस्तकं? खरं सांगा."

"तू म्हनली ना, लिवनं बंद करतो. मले भेव वाटलं."

"तुमाले कायचं भेव? तुमी तं वाचतही नाई."

"तू लिवतानी बोलते," ती म्हणाली. "एकलीच बोलते, चुलीपाशी. त्या आटोवालीचं, तिच्या भावाचं, समदं. तुया नवरा तं बोलत नाई. पोट्टे नागपूरले. तू लिवनं बंद केलं, तं या घरात बोलन कोन?"

मी संवाद मोठ्यानं म्हणून बघते, ही माझी खोड. पण ती ऐकते हे मला ठाऊक नव्हतं. अंगणातून अधूनमधून तिचं "मंग?" ऐकू यायचं, मला वाटायचं शेजारणीशी बोलत असेल. ती मलाच म्हणत होती. साऱ्या कादंबरीभर.

पुढची शेंग उचलत तिनं विचारलं, "मंग? आटो इकल्यावर काय झालं तिचं?"

माझी दुसरी कादंबरी त्यावरच आहे. ती तिथंच शेंगा सोलता सोलता सुरू झाली. होळी आली आणि गेली, आम्हा दोघींना आठवणही राहिली नाही. मी चुलीपाशी बोलायची, ती अंगणातून "मंग?" म्हणायची, आणि तिला जिथं पटायचं नाही तिथं "हट्" म्हणायची. ते मी पुसून टाकायची. मोबाईलवरच्या त्या माणसाच्या पहाटेच्या पानापेक्षा मला हे फार मानवलं.

ऑटो परत मिळवायला ऑटोवाली उमरखेडला जायला निघते, तिथपर्यंत आत्याबाईनं ऐकलं. मग पोळ्याच्या सुमारास आत्याबाईच गेली. फार दिवस मी काही लिहिलं नाही. घरात नुसतं कुकर शिट्ट्या मारायचा.

मागच्या महिन्यात शेवटचं पान झालं. नवरा वावरात होता. मी अंगणात बसून ते मोठ्यानं वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. वाचून झाल्यावर सवयीनं थांबले. पलीकडे म्हैस रवंथ करत होती, बाकी काही आवाज नव्हता.

"मंग काही नाई, आत्याबाई," मी म्हटलं. "झाली आपली." आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडले.