कूप नंबर चारमधली झाडं

"साहेब, कूप मी घेतलाय. आता मला झाडं दाखवा!"

पनवेलच्या आमच्या वनखात्याच्या रेंज ऑफिसात इस्माईलशेट उभ्या उभ्याच ओरडत होते. लाकडाचे ठेकेदार. एरवी माणूस मवाळ, चहा घेतल्याशिवाय विषयाला हात घालायचे नाहीत.

"कूप नंबर चार. नेरे गावाच्या वरच्या अंगाला. नकाशा दिलाय की तुम्हाला," मी म्हणालो.

"मग काय नकाशावर कुऱ्हाड चालवू? खुदा कसम साहेब, आत जंगलच नाही!"

मी नुकताच रेंजर झालो होतो, स्वातंत्र्यानंतरच्या पाचसात वर्षांतली ही गोष्ट. मला हसूच आलं. जंगल म्हणजे काय छत्री आहे, कुणी उचलून न्यायला?

आधी कूप म्हणजे काय ते सांगतो. आमच्या खात्यात जंगलाचा वर्किंग प्लॅन, म्हणजे तोडीचा आराखडा असतो. जंगलाचे तुकडे पाडायचे, त्यांना कूप म्हणतात. दरवर्षी एकच कूप ठेकेदाराला तोडायला द्यायचा. शेवटचा तुटेपर्यंत पहिला पुन्हा वाढलेला असतो. शेतकरी बियाण्याचं भात बाजूला काढून मगच उरलेलं खातो, तसंच हे. पण किती तोडायचं हे ठरवायला आधी किती आहे ते कळायला हवं. सगळी झाडं कोण मोजणार? म्हणून शितावरून भाताची परीक्षा. डोंगरावर कंपास लावून सरळ रेषा आखायची, तिच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यातली झाडं मोजायची आणि त्यावरून साऱ्या जंगलाचा अंदाज बांधायचा. रेषेत कडा येवो नाहीतर काटे, रेषा सोडायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुपावर गेलो. बरोबर आमचे गार्ड धर्मा म्हात्रे. गाडीवाटेच्या दोन्ही बाजूंना ऐन, किंजळ, साग, सगळं जिथल्या तिथे. "हे काय, उभं आहे की!" मी म्हणालो. धर्मा वाट सोडून कारवीच्या दाट झुडपांत शिरले. कारवी दोन पुरुष उंच, पुढचं काही दिसेना. ती ओलांडून बाहेर पडलो.

समोर उघडा डोंगर. लांबपर्यंत एक झाड नाही, नुसती खुंटं.

"अहो, कुणी नेली झाडं?" मी किंचाळलो. "काय करत होतात तुम्ही?"

"कोन नेनार सायेब? मोठ्या लढाईत पेट्रोल नव्हतं, मोटारी लाकडाच्या कोलशावर चालायच्या. तवा हे खाजगी रान व्हतं. मालकानं आतलं समदं भट्टीत घातलं, वाटेवरचं दिसाया ठेवलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तुमाला तवाच सांगलता."

आणि मला आठवलं. तीन वर्षांपूर्वी इथली मोजणी मीच केली होती. तेव्हा मी रेंजरच्या हाताखालचा फॉरेस्टर होतो. दुपार झालेली, नेऱ्याच्या पाटलांकडे कोंबडी शिजलेली, समोर ही कारवी. धर्मा म्हणाले होते, "सायेब, आत चला. आत झाड नाय." मी म्हणालो होतो, "रानात झाड नाही, मग काय भात आहे?" आणि रेषा सोडून वाटेवाटेनेच झाडं मोजून जेवायला गेलो होतो.

मी रिपोर्ट लिहायच्या आतच इस्माईलशेट वर जाऊन बोंबलले. डी.एफ.ओ., म्हणजे आमचे मोठे साहेब, पनवेलला येऊन दाखल झाले. टेबलावर वर्किंग प्लॅन आपटून म्हणाले, "यात झाडं आहेत. शिकलेल्या माणसाने मोजलीत. आज नाहीत. म्हणजे गार्डने विकली. म्हात्रे, पट्टा काढा!"

धर्मांच्या घरात सहा माणसं खाणारी. शेत खाऱ्या पाण्यात गेलेलं. चोरीचा ठपका आला की नोकरीही गेली आणि गावात तोंडही दाखवता येणार नाही. त्यांनी कमरेचा पट्टा सोडला, बिल्ल्यासकट टेबलावर ठेवला. माझं नाव घेतलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं.

खरं सांगतो, मी गप्प बसलो होतो. लाज वाटते आजही. ते दारापर्यंत गेले तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"सर, तो शिकलेला माणूस मी. मी रेषेवर गेलोच नाही. वाटेवरची झाडं मोजली. खुंटं बघा, वाळवीने खाल्लेली आहेत. लढाईतली तोड आहे ती."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता शिव्या. पण त्यांनी अगदी हळू विचारलं, "आणि बाकीचे कूप?"

"तेही वाटेवरूनच, सर."

चाळीस वर्षांचा प्लॅन होता तो. त्यातला एकूण एक आकडा माझ्या त्या जेवणाच्या घाईतून आलेला.

धर्मांना पट्टा परत मिळाला. इस्माईलशेटना दुसऱ्या रेंजमधला कूप दिला. आमच्या भागातली सगळी तोड थांबली. मला पुन्हा फॉरेस्टर केलं आणि हुकूम दिला, सारा डोंगर नव्याने मोजा, कंपास लावून. शितावरून भात कळतो हे खरं, पण पातेल्यात हात घालायला लागतो. ही अक्कल मला पगारात मिळाली नव्हती, ती पगार घालवून आली.

मोजणीच्या पहिल्याच दिवशी, ऐन दुपारी, रेषा त्याच कारवीशी येऊन थांबली. मी कंपास बंद न करता तसाच आत शिरायला निघालो. धर्मांनी माझा दंड धरला आणि भाकरीचं फडकं पुढे केलं.

"आधी हितंच जेवून घ्या सायेब. आत सावलीला झाड नाय."