बॅलेच्या विंगेतल्या बाई

मुलांनो, माणसाला पाठमोरं ओळखण्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचा हात धरणारं अख्ख्या जर्मनीत कोणी नसेल. तीस वर्षं त्यांनी एका नामांकित राष्ट्रीय बॅले कंपनीचे पोशाख सांभाळले, तेही विंगेत उभं राहून. त्यामुळे चेहऱ्यांपेक्षा पाठीच त्यांच्या जास्त लक्षात राहतात. तुमचा मामा आणि मी राहतो त्या ब्राउनश्वाइगच्या बाजारात बाई अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप मारून "खांदे खाली!" म्हणत, आणि नवल म्हणजे माणसं खांदे खाली घेत. निवृत्तीनंतरही त्यांच्या गळ्यात मोजपट्टी असायचीच. माझी साडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून त्यांनी विचारलं, "शिवण कुठे आहे?" शिवण नसतेच म्हटल्यावर मटकन खुर्चीत बसल्या. त्यांच्या कंपनीचा अर्धा कार्यक्रम जुन्या शिस्तीचा, चवड्यांच्या टोकावर. उरलेला अर्धा नव्या पद्धतीचा, अनवाणी, जमिनीवर लोळत. "पहिल्यात झालरी फाटतात, दुसऱ्यात गुडघे. दोन्ही मीच शिवले," असं त्या गंभीरपणे सांगत.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला. पण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि मी पहिल्याच पायरीवर कठडा धरून थिजायची. शेवटी तुमच्या मामाला सांगून टाकलं, "मला पुण्याला पाठव. इथे चार भिंतींत मी मरेन." आमचे चढलेले आवाज जिन्यात पोचले असावेत. दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला बेल वाजली.

"आई, बाई आल्यात. आत येत नाहीत, तुलाच बाहेर बोलावतायत," मामा म्हणाला.

बाईंनी माझ्या निऱ्या चार बोटं वर घेऊन टाचल्या आणि तीन पायऱ्या खाली, माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "पायांकडे बघायचं नाही. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाकडे बघा."

"आणि पडले तर?"

"आल्झो, मग काय, माझ्यावर पडाल. मी मऊ आहे."

पहिल्या आठवड्यात चार पायऱ्या झाल्या, दुसऱ्यात अकरा. महिन्याभराने त्यांची कंपनी गावात आली आणि बाईंनी दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढली. निघताना उंबऱ्यात त्या "टॉय टॉय टॉय" म्हणाल्या. रंगभूमीवरच्या लोकांच्या या शुभेच्छा. कॉन्व्हेंटच्या शिस्तीत मी लगेच "डांके" म्हटलं. झालं! आभार मानले की खेळ बिघडतो म्हणे. मला परत आत पाठवलं, बूट काढायला लावले आणि सगळं पहिल्यापासून केलं. या खेपेला मी तोंड मिटून ठेवलं आणि सगळा जिना उतरले. नाट्यगृहात मी डोळे भरून नाच पाहत होते आणि बाई कुजबुजत होत्या, "डावीकडून तिसरी. कड उसवलीय."

या उन्हाळ्यात त्या भाचीकडे, दुसऱ्या गावी कायमच्या राहायला गेल्या. त्यांची शिवणाची पेटी मीच खाली नेऊन टॅक्सीत ठेवली. निरोपाचं बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "आधी तुम्ही वर जा. मी इथून ऐकते."

मी चढले, एकदाही न थांबता. वर पोचून खिडकीतून पाहिलं, तर टॅक्सी उभीच होती. इमारतीचं दार उघडं धरून, जिन्याकडे कान लावून बाई उभ्या होत्या. माझी पावलं थांबल्याची खात्री झाल्यावर त्या सावकाश टॅक्सीत बसल्या. मी खूप वेळ हात हलवला. त्यांनी वर पाहिलं की नाही, मला दिसलं नाही.